झिडोवुडिनची बाटली आणि बाळाचे पहिले बारा आठवडे

गरोदरपणाच्या अखेरच्या टप्प्यात एचआयव्हीचे निदान झालेल्या एखाद्या बाईच्या किंवा तिच्या घरच्यांच्या हाती हा मजकूर पडावा, एवढ्यासाठी मी तो लिहीत आहे. आईकडून बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून जन्मापासून बाळाला जी औषधे देतात, त्यांतल्या झिडोवुडिन या औषधाची ही हकिकत आहे. माझ्या मुलीची अठराव्या महिन्याची तपासणी जानेवारी २०२५ मध्ये झाली आणि तिला एचआयव्ही नाही हे पक्के झाले. हे मी मुद्दामच सुरुवातीला सांगते, कारण मनात भीती असताना शेवट ठाऊक नसलेला मजकूर वाचवत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

मी मुंबईजवळच्या एका उपनगरात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माहेर गुहागर तालुक्यात, अगदी किनाऱ्याला लागून आहे. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे होते, म्हणून जून २०२३ च्या पहिल्या आठवड्यात मी गावी आले. तोवरच्या तपासण्या मुंबईकडच्या एका खासगी दवाखान्यात झाल्या होत्या. त्या फाइलमध्ये रक्तगट, साखर, थायरॉईड, सोनोग्राफी असे सगळे होते, पण एचआयव्हीची तपासणी नव्हती. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १२ जून रोजी नाव नोंदवताना सिस्टरनी फाइल चाळली, ही एक तपासणी राहिली आहे असे म्हणाल्या आणि बोटाला सुई टोचून पट्टीवर रक्ताचा थेंब घेतला. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. "ताई, ही फक्त प्राथमिक तपासणी आहे. यावरून काहीच ठरत नाही. उद्या सकाळीच आयसीटीसीला जाऊन या," असे त्यांनी सांगितले आणि कागद पाकिटात घालून, पाकीट बंद करून माझ्या हातात दिले. आयसीटीसी म्हणजे सरकारी रुग्णालयातील समुपदेशन व तपासणी केंद्र. पहिल्या पट्टीवर निदान सांगत नाहीत. तेथे वेगवेगळ्या बनावटीच्या तीन किटवर रक्त तपासतात आणि तिन्ही जुळले तरच पॉझिटिव्ह अहवाल देतात. तपासणीआधी संमतीची सही घेतात. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तेथे गेले आणि माझा अहवाल त्याच दिवशी दुपारी मिळाला. तिन्ही पॉझिटिव्ह होते.

त्या दुपारविषयी फार लिहीत नाही. समुपदेशक ताईंनी मला रडू दिले, पाणी दिले आणि नंतर एक वाक्य सांगितले, ज्याचा मला पुढे अनेकदा आधार झाला. "कोणाकडून कोणाला आले, याचा शोध आज घेऊ नका, आज फक्त बाळाचा विचार करायचा आहे आणि बाळासाठी करण्यासारखे पुष्कळ आहे." यजमान रात्रीच्या गाडीने चिपळूणला उतरून सकाळी पोहोचले. त्यांचीही तपासणी झाली आणि त्यांचाही अहवाल पॉझिटिव्ह आला. घरात आम्ही दोघे आणि माझी आई यांच्यापलीकडे कोणाला सांगायचे नाही, असे आम्ही ठरवले. एका तरी वडीलधाऱ्या माणसाला विश्वासात घ्यावे, असे मी प्रत्येकीला सुचवीन. पुढच्या तीन महिन्यांचे वेळापत्रक एकटीने सांभाळण्यासारखे नाही.

उपचार सुरू करण्यासाठी १५ जून रोजी आम्ही रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयातील एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे देणाऱ्या केंद्रात, गेलो. गुहागरच्या दक्षिण भागातून रत्नागिरीला जायचे तर तवसाळहून जयगडला फेरीबोटीने खाडी ओलांडणे सोयीचे पडते, नाहीतर चिपळूणवरून मोठा वळसा पडतो. पावसाळ्यात वारा वाढला की फेरी थांबते, म्हणून निघण्याआधी जेट्टीवर फोन करून खात्री करून घ्यावी. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे. परंतु त्या दिवसांत मला एसटीचे धक्के सोसवत नव्हते आणि खासगी गाडीला येऊन-जाऊन साडेतीन हजार रुपये पडले. केंद्रातील तपासणी, औषधे, समुपदेशन यांतील कशालाही पैसा लागला नाही. आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, छायाचित्रे, आयसीटीसीचा अहवाल आणि गरोदरपणाचे कार्ड या सगळ्यांच्या दोन-दोन प्रती बरोबर असल्या म्हणजे झेरॉक्ससाठी बाहेर धावावे लागत नाही. नोंदणी झाली, वजन झाले, खोकला-ताप आहे का हे विचारून क्षयरोगाची चौकशी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि टेनोफोविर, लॅमिवुडिन व डोल्युटेग्रॅविर ही तीन औषधे एकत्र असलेली रोजची एक गोळी त्याच दिवशी सुरू झाली.

औषधाच्या रांगेत माझ्या शेजारी राजापूरकडच्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांच्या हातांच्या नखांवर उभे काळसर निळे पट्टे होते. मी पाहते आहे हे त्यांच्या लक्षात आले तेव्हा त्यांनी बोटे माझ्यापुढे पसरली आणि म्हणाल्या, "ही जुन्या गोळीची खूण गो. झिडोवुडिनची. खूप वर्षं घेतली. मग रक्त कमी झालं, तेव्हा डॉक्टरांनी बदलून दिली." आपल्या देशात सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली आणि त्यानंतर बरीच वर्षे झिडोवुडिन हे त्या उपचाराचे एक मुख्य औषध होते. मावशी त्या काळातल्या. त्यांना बोलताना ऐकून, या आजारासह माणूस इतकी वर्षे जगतो हे मी पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिले. औषधाचे नावही मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकले.

समुपदेशनाच्या खोलीत तेच नाव पुन्हा निघाले, तेही माझ्या बाळासाठी. डॉक्टरांनी कागदावर आकडे मांडून समजावले. कोणताही उपचार नसेल तर गरोदरपण, प्रसूती आणि स्तनपान मिळून आईकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते, आणि उपचार नीट झाले तर ते ५ टक्क्यांच्याही खाली आणता येते. आईने वेळेत गोळ्या सुरू केल्या असतील आणि रक्तातील विषाणू दबलेला असेल तर बाळाला साधारणपणे एकच औषध पुरते. माझे निदान प्रसूतीच्या तोंडावर झाले होते आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, खाली येण्याइतका अवधी हातात नव्हता. त्यामुळे माझे बाळ जास्त जोखमीच्या गटात धरले जाणार होते आणि त्याला नेव्हिरापिन व झिडोवुडिन अशी दोन पातळ औषधे जन्मापासून द्यायची होती. वरचे दूध देणार असाल तर सहा आठवडे, अंगावर पाजणार असाल तर बारा आठवडे, असे त्यांनी सांगितले. निर्णय मात्र आमच्यावर सोडला.

मावशींना ज्या औषधाने पंडुरोग झाला, म्हणजे रक्त कमी झाले, ते औषध ताज्या जन्मलेल्या बाळाला द्यायचे, या विचाराने माझी रात्रीची झोप उडाली, आणि मग मी जमेल तेवढे वाचले. झिडोवुडिन १९६४ मध्ये अमेरिकेत जेरोम हॉरविट्झ यांनी कर्करोगावरचे औषध म्हणून तयार केले होते. त्या कामात ते निरुपयोगी ठरले आणि बाजूला पडले. एड्सची साथ आल्यावर १९८५ मध्ये ते एचआयव्हीवर परिणाम करते हे प्रयोगशाळेत दिसले आणि मार्च १९८७ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. एचआयव्हीवर मान्यता मिळालेले ते पहिले औषध. विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनएची साखळी तयार करतो तेव्हा झिडोवुडिन थायमिडिन या खऱ्या कडीच्या जागी जाऊन बसते. पण या कडीला पुढची कडी अडकवायला जागाच नसते, त्यामुळे साखळी तेथेच थांबते. मला सर्वांत धीर दिला तो १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने. अमेरिका आणि फ्रान्समधील त्या चाचणीत गरोदर आईला, प्रसूतीच्या वेळी आणि नंतर सहा आठवडे बाळाला झिडोवुडिन दिले होते. औषध न मिळालेल्या गटात बाळांना संसर्ग होण्याचे प्रमाण २५.५ टक्के होते, तर औषध मिळालेल्या गटात ८.३ टक्के. त्या माता अंगावर पाजत नव्हत्या, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे मला लागू नव्हते. तरीही आईकडून बाळाकडे जाणारी वाट अडवता येते हे जगाला दाखवणारे औषध तेच, हे कळल्यावर बाटलीविषयीची माझी भीती बरीच निवळली. नंतर मी ती बाटली कधीही नाइलाज म्हणून हातात घेतली नाही.

प्रसूती ९ जुलै २०२३ रोजी झाली. एचआयव्ही आहे एवढ्याच कारणासाठी सिझेरियन करत नाहीत, ते प्रसूतीच्या इतर कारणांसाठीच करतात, हे मला आधी सांगितले होते आणि माझी प्रसूती नैसर्गिक झाली. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे प्रसूती, औषधे आणि ये-जा यांचा खर्च शासनाचा होता. एक गोष्ट मात्र लिहिली पाहिजे. ज्या रुग्णालयात मी दाखल होते तेथे माझ्या केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने मोठ्या अक्षरांत माझा आजार लिहिला होता आणि तो कागद खाटेच्या पायथ्याशी लटकत होता. भेटायला येणारे नातेवाईक सहज वाचू शकले असते. यजमानांनी समुपदेशक ताईंना फोन केला, त्या तेथील प्रमुखांशी बोलल्या आणि तासाभरात पहिले पान बदलून कागद कपाटात गेला. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ चा असून १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय आपली स्थिती उघड होऊ नये आणि उपचारात भेदभाव होऊ नये, हा त्यानुसार आपला हक्क आहे. भांडण न करता, पण ठामपणे, हे बोलून दाखवावे.

मुलीचे वजन दोन किलो सातशे ग्रॅम भरले. जन्मानंतर काही तासांतच सिस्टरनी दोन्ही औषधांचा पहिला डोस स्वतः दिला आणि मला शेजारी बसवून दाखवला. दोन्ही औषधांत एका मिलिलिटरला दहा मिलिग्रॅम औषध होते आणि तिच्या वजनाला दोन्हींची मात्रा दीड मिलिलिटरच ठरली होती. फरक इतकाच होता की नेव्हिरापिन दिवसातून एकदा आणि झिडोवुडिन दोनदा द्यायचे. मात्रा बाळाच्या वजनावर ठरते आणि वयाबरोबर बदलते, तेव्हा माझ्या मुलीचा आकडा कोणी आपल्या बाळाला लावू नये. दोन सारख्या बाटल्या, सारखे माप आणि वेळा मात्र निराळ्या, हा घोळ झोपमोड झालेल्या घरात सहज होऊ शकतो. आईने पहिल्याच दिवशी झिडोवुडिनच्या बाटलीच्या गळ्याला लाल सुती दोरा दोन वेढे देऊन बांधला. लाल दोरा म्हणजे सकाळी आठ आणि रात्री आठ, बिनदोऱ्याची बाटली म्हणजे फक्त सकाळी. तोंडातून द्यायची सुई नसलेली सिरिंज दोन्हींसाठी वेगळी ठेवली होती. दीडच्या रेघेपर्यंत औषध ओढायचे, आतला बुडबुडा टिचकी मारून वर काढायचा, पुन्हा रेघ तपासायची आणि गालाच्या आतल्या बाजूने थेंब थेंब सोडायचे. जिभेच्या मध्यावर सोडले की बाळ ते बाहेर ढकलते. डोस दिला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत खूण करायची.

या औषधांना फ्रीज लागत नाही, उन्हापासून दूर कोरड्या जागी ठेवले की पुरते, आणि जुलैमध्ये आमच्याकडे दोन-दोन दिवस वीज नसते हे लक्षात घेता ही मोठीच सोय होती. बाटलीचे तोंड मात्र चिकट होते आणि मुंग्या लागतात. ओल्या फडक्याने पुसून बाटली पाणी घातलेल्या ताटलीत ठेवली की तो प्रश्न राहत नाही. बाटली उघडल्याची तारीख लेबलवर लिहावी. ओळख लपवण्यासाठी लेबल खरवडून काढू नये, कारण रात्रीबेरात्री दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले तर तेच लेबल उपयोगी पडते. बारशाला आलेल्या बायकांनी बाटल्यांविषयी विचारले तेव्हा "डॉक्टरांनी दिलेले औषध आहे" एवढेच उत्तर आम्ही दिले आणि ते पुरले.

आम्ही अंगावर पाजायचे ठरवले होते. गावात पाण्याचा भरवसा नव्हता, डब्याचे दूध नियमित मिळेल याची खात्री नव्हती, आणि माझ्या गोळ्या व बाळाची औषधे नीट चालू असतील तर स्तनपान करता येते असे डॉक्टरांनी सांगितले होते. अट एकच होती. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यायचे, त्यात पाणीही नाही. अंगावरचे आणि वरचे असे मिश्र दूध या काळात सर्वांत धोक्याचे, कारण वरच्या खाण्यापिण्याने बाळाच्या आतड्याचे नाजूक अस्तर दुखावते आणि विषाणूला शिरायला वाव मिळतो. ही अट पाळणे औषधांपेक्षा अवघड गेले. आमच्याकडे बाळाला मधाचे बोट चाटवतात, पाचवीनंतर सहाणेवर बाळगुटी उगाळतात. शेजारच्या आजी वेखंड, हळकुंड, जायफळ घेऊन आल्या तेव्हा आई दारातच त्यांना म्हणाली, "काकी, डॉक्टरांनी सहा महिने काही चाटवू नका म्हणून बजावलंय. पोर आमचं नाजूक आहे." काकी थोड्या नाराज झाल्या, पण नंतर कधी आग्रह केला नाही. असा नकार बाळंतिणीने देण्यापेक्षा तिच्या आईने किंवा सासूने दिलेला अधिक टिकतो.

एका रात्री डोस दिल्यावर लगेच मुलीने तो ओकला. केंद्राचा क्रमांक आईच्या फोनमध्येही होता. फोन लावला तेव्हा, लगेच ओकला असल्यामुळे तोच डोस पुन्हा द्या असे सांगण्यात आले. ओकल्यास किती वेळाच्या आत पुन्हा द्यायचे, एखादी वेळ चुकल्यास काय करायचे, हे पहिल्याच भेटीत विचारून पुस्तिकेत लिहून घ्यावे.

ऑगस्टच्या मध्याला आई मुलीला तेल लावत असताना म्हणाली, "गो, हिचे तळवे बघ, पांढुरके दिसतायत." मला राजापूरच्या मावशींचे बोलणे आठवले. सहा आठवड्यांची तपासणी जवळच होती, त्या वेळी रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ९.२ आले. झिडोवुडिन अस्थिमज्जेत नव्या रक्तपेशी तयार होण्याचा वेग कमी करते, म्हणून पंडुरोग हा त्याचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. त्याच वेळी, कोणत्याही बाळाचे हिमोग्लोबिन जन्मानंतरच्या दोन-तीन महिन्यांत आपोआप खाली येते, हेही डॉक्टरांनी समजावले. दूध नीट पीत होती, वजन वाढत होते, श्वास लागत नव्हता. औषध चालू ठेवून दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचे ठरले. पुन्हा तपासले तेव्हा आकडा जवळपास तेवढाच होता, आणि औषध संपल्यानंतर तो हळूहळू वर आला. काळजी वाटली म्हणून स्वतःहून औषध बंद करणे या टप्प्यावर सर्वांत घातक ठरले असते. शंका आली की रक्त तपासून घ्यावे आणि निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

त्याच भेटीत, २१ ऑगस्ट रोजी, पहिली पीसीआर तपासणी झाली. आईचे प्रतिपिंड, म्हणजे संसर्गाविरुद्ध तिच्या शरीराने तयार केलेली प्रथिने, बाळाच्या रक्तात अनेक महिने राहतात, त्यामुळे मोठ्यांची तपासणी लहान बाळाला उपयोगाची नसते, प्रत्यक्ष विषाणूचे जनुकद्रव्य शोधावे लागते. टाचेला टोचून जाड गाळणकागदावरच्या गोल चौकटींत रक्ताचे थेंब भरतात, कागद वाळवतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. बाळाचे पाय गरम असले की रक्त पटकन येते, म्हणून लोकरी मोजे घालून न्यावे. तेव्हापासून कोट्रायमोक्साझोल हे तिसरे औषधही सुरू झाले. इतर संसर्गांपासून संरक्षण व्हावे यासाठी ते असते.

अहवालाची वाट पाहण्याचे ते आठवडे या सगळ्या काळातील सर्वांत कठीण होते. गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरला होती. घर सारवणे, मखर, मुंबईहून येणारे भाऊ-वहिनी, सगळीकडे लगबग होती आणि माझे लक्ष फोनकडे होते. अहवाल आला का हे रोज फोन करून विचारू नये असे म्हणतात, मी मात्र आठवड्यातून एकदा विचारत असे आणि ताई न कंटाळता सांगत. गणपती येण्याच्या चार दिवस आधी त्यांचा फोन आला: निगेटिव्ह. यजमान मुंबईत होते, त्यांना फोनवर मला बोलता येईना, तेव्हा आईने फोन हातातून घेऊन सांगितले.

बारा आठवडे १ ऑक्टोबरला पूर्ण झाले आणि केंद्राच्या सूचनेनुसार दोन्ही औषधे थांबली. त्यानंतर दूध पाजण्याच्या काळात बाळाचे संरक्षण माझ्या रोजच्या गोळीवर अवलंबून होते आणि ती मी एकदाही चुकवली नाही. डिसेंबरमध्ये माझा व्हायरल लोड तपासला तेव्हा विषाणू मोजता येण्याच्या मर्यादेखाली गेला होता. जानेवारीत सहा महिने पूर्ण झाल्यावर दुसरी पीसीआर निगेटिव्ह आली आणि नाचणीचे सत्त्व सुरू झाले. त्यानंतर शाळेत रुजू होण्यासाठी मुंबईकडे परतले. त्यासाठी रत्नागिरीच्या केंद्रातून ट्रान्सफरचे पत्र, उपचार पुस्तिका आणि बाळाच्या अहवालांच्या प्रती घ्याव्या लागतात. पत्र तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून निघण्याच्या आदल्या भेटीतच सांगून ठेवावे आणि प्रवासात पुरतील एवढ्या गोळ्या मागून घ्याव्यात. नव्या केंद्रात पहिल्या दिवशी पुन्हा सगळी चौकशी होते. त्याने खचून जाऊ नये.

बाराव्या महिन्याची पीसीआर निगेटिव्ह आल्यावर स्तनपान हळूहळू बंद केले. अठराव्या महिन्यात मोठ्या माणसांसारखी तीन किटवरची प्रतिपिंड तपासणी झाली, तीही निगेटिव्ह आली आणि त्याच दिवशी कोट्रायमोक्साझोलही थांबले. अंतिम अहवालाची प्रत मी तिच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर न ठेवता वेगळ्या पाकिटात ठेवली आहे, कारण ते कार्ड पाळणाघरात आणि शाळेत दाखवावे लागते. आम्हा दोघांच्या गोळ्या रोज रात्री नऊ वाजता असतात. कोणाला लगेच कोणाशी बोलायचे असेल आणि जवळ समुपदेशक नसेल, तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची १०९७ ही हेल्पलाइन मोफत आहे. तेथे मराठीत बोलता येते आणि नाव सांगावे लागत नाही.